जोराच्या वाऱ्यात बायपासवर बाईक कशी चालवावी?

पुण्याच्या कात्रज बायपासवरच्या दरी पुलावर वाऱ्याने बाईक आडवी सरकते म्हणताय, ते खरंय. तिथे अडोसाच नाही.

पहिली चूक म्हणजे घाबरून हँडल आवळणं. खांदे ताठ झाले की वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट पुढच्या चाकात उतरतो. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरा, कोपर सैल ठेवा, किंचित पुढे वाका. बाईक वाऱ्याच्या बाजूला थोडी कललेली राहील, राहू द्या. वेग पन्नासच्या आसपास आणा, पण एकदम ब्रेक नको.

खरा घोळ ट्रकशेजारी होतो. ट्रकच्या आडोशाला वारा अचानक थांबतो, तुम्ही कललेलेच असता, म्हणून बाईक ट्रककडे ओढली जाते. पुढे निघालात की फाडकन थप्पड. त्यामुळे ओव्हरटेक करताना दोन हात जास्त अंतर सोडा.

पाठीवर फडफडणारा रेनकोट म्हणजे शीडच. मी एकदा कात्रजला बटणं न लावता निघालो होतो, पुन्हा नाही!

वळवाच्या वादळात मात्र सरळ थांबा. झाडाखाली किंवा होर्डिंगखाली नाही. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला होर्डिंग कोसळून पाच जण गेले, ते आडोशालाच उभे होते. पेट्रोल पंप, हॉटेल, पक्कं छप्पर बघा आणि चहा सांगा.