वडिलांना लॅक्युनर स्ट्रोक झालाय, सीआरपी 18 आलंय. ते किती बरे होतील हे यावरून कळतं का?

नाही कळत. लॅक्युनर स्ट्रोक म्हणजे मेंदूतली खोलवरची बारीक रक्तवाहिनी बंद पडून आलेला छोटा झटका, आणि सीआरपी म्हणजे शरीरात कुठेही सूज असली की रक्तात वाढणारं एक प्रथिन. याच सीआरपीच्या आकड्यावरून आमच्या घरात दोन महिने भांडणं झालीत, म्हणून लिहायला बसले.

अण्णांचा उजवा हात-पाय एका सकाळी गेला. एमआरआयमध्ये डाग जेमतेम सेंटिमीटरभर, पण इंटर्नल कॅप्सूल या मेंदूतल्या खोलवरच्या अरुंद पट्ट्यात. हातापायाच्या सगळ्या तारा तिथूनच दाटीवाटीने उतरतात. बोलणं शाबूत, शुद्ध शाबूत, पण चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला कात्री धरवेना.

दुसऱ्या दिवशीचं सीआरपी 4.2. घरी आणल्यावर बाहेरच्या लॅबमध्ये केलं, ते 38. लगेच पुण्याहून दादाचा फोन. "नऊपट वाढलंय! मेंदूत सूज आहे. फिजिओ बंद, झोपवून ठेवा." ऐकलं आम्ही. नऊ दिवस अण्णा नुसते पडून. मग एका रात्री मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्यावर बारीक अक्षरात मिग्रॅ/डेसिलिटर, दुसऱ्यावर मिग्रॅ/लिटर. लिटरमध्ये दहा डेसिलिटर, म्हणून पहिलं 4.2 म्हणजे दुसऱ्या मापात 42. म्हणजे 42 चं 38 झालं होतं!

तेही जास्तच होतं म्हणा. डॉक्टरांनी लघवी तपासली, नळी घातली होती त्याचं इन्फेक्शन निघालं. गोळ्या झाल्या, सीआरपी 6 वर आलं. बोटं मात्र 38 ला जेवढी हलत होती तेवढीच 6 ला.

सीआरपी यकृत बनवतं. ते पहिल्यांदा सापडलं 1930 मध्ये, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. मेंदूतला डाग आणि दाढेखालचा पू यांतला फरक या आकड्याला कळत नाही. एवढ्याशा डागाने सीआरपी सहसा फार चढतही नाही. त्यामुळे तुमच्या 18 चं कारण डॉक्टरांना शोधायला सांगा: छाती, लघवी, सलाइनची सुजलेली जागा.

बरं होण्याचा अंदाज आम्हाला आला तो हातावरून. पहिल्या दिवसांत ताकद किती गेली, बोटं कधी हलायला लागली, वय, शुगर, आधीचे जुने डाग, हे बघा. पहिले तीन महिने सोन्याचे. मी जुना शर्ट खुर्चीच्या पाठीला घालून अण्णांना बटणं लावायला बसवायचे. "शिंप्याला बटण शिकवतेस?" म्हणून चिडायचे. पहिलं बटण लागायला अकरा मिनिटं लागली. आता सुई ओवतात, पण चष्मा दोनदा पुसून.

मी डॉक्टर नाही, बँकेत क्लार्क आहे. आणि हेही खरं की मोठ्या अभ्यासांत सीआरपी किंवा न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर जास्त असलेल्यांची तब्येत सरासरीने मागे राहते. पण सरासरी म्हणजे तुमचे वडील नव्हेत. शिवाय आकडा उतरवला की माणूस सुधारला असंही नाही. स्ट्रोक झालेल्यांवरच्या, 2024 च्या कॉन्व्हिन्स नावाच्या औषध-चाचणीत कोल्चिसिन या सूज कमी करणाऱ्या औषधाने सीआरपी उतरलं, तरी पुढचे झटके नक्की कमी झाले असं काही सिद्ध झालं नाही. बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी तेवढी चुकवू नका.

दादा अजून सगळ्यांना सांगतो की त्याने पाठवलेल्या हळदीच्या कॅप्सूलनी अण्णांचं सीआरपी उतरलं. ती बाटली आमच्या फ्रिजवर आहे. सीलसुद्धा फोडलेलं नाही.