इंडिका, सॅटिव्हा, हेंप, भांग, गांजा ही सगळी वेगवेगळी झाडं आहेत का?

नाही, यातले भांग, गांजा, चरस हे तर जातींची नावंच नाहीत. झाड एकच, कॅनाबिस. पानांची ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा आणि राळेचा तो चरस. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा व चरस येतात, नुसती पानं येत नाहीत; त्यांचे नियम राज्यागणिक वेगळे.

'सॅटिव्हा' हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं. भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये 'इंडिका' ही वेगळी जात मांडली. आज बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ एकच जात मानतात. 'इंडिकाने झोप, सॅटिव्हाने तरतरी' ही मुख्यतः दुकानदारी भाषा. परिणाम ठरतो तो झाडातल्या टीएचसी (नशा आणणारं रसायन), सीबीडी (नशा न आणणारं रसायन) वगैरेंच्या प्रमाणावर. 'स्ट्रेन' हाही बाजारातलाच शब्द, शास्त्रात 'कल्टिव्हार' (लागवडीचं वाण) म्हणतात.

हेंप म्हणजे याच झाडाचे कमी टीएचसीचे वाण, धागा आणि बियांसाठी लावलेले. अमेरिकेत ही मर्यादा ०.३ टक्के आहे.

आणि हो, इंग्रजी पुस्तकात 'डेक्कन हेंप' दिसलं तर दचकू नका. ती आपली अंबाडी, जिची भाजी आपण भाकरीशी खातो! 'सन हेंप' म्हणजे ताग. दोन्हींचा गांजाशी काही संबंध नाही.