चुंबकीय रेणू कार्बन नॅनोट्यूबवर बसवतात कसे, आणि ते बसले हे कळते कसे?

आपण विचारले आहे की, चुंबकीय रेणू कार्बन नॅनोट्यूबवर बसवून नव्या धर्तीचे इलेक्ट्रॉनिक्स घडवता येते असे वाचनात आले, तर ते रेणू तिथे बसवतात कसे आणि अशी उपकरणे मोबाइलमध्ये कधी येतील. पुण्यात पाषाणच्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षे नॅनोट्यूबवर रेणू बसवण्याचेच काम केले, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो. दुसऱ्याचे थोडक्यात भागेल.

आधी नळीच का, ते पाहू. एकपदरी नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या षट्कोनी जाळीची साधारण एक-दोन नॅनोमीटर व्यासाची सुरळी. तिला गाभा असा नसतोच. प्रत्येक अणू पृष्ठभागावर असतो, म्हणून तिच्यातून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनला बाहेर टेकलेल्या एकट्या रेणूचीही दखल घ्यावी लागते. शिवाय कार्बनच्या सुमारे ९९ टक्के अणूंच्या केंद्रकाला स्वतःचे स्पिन (म्हणजे कणाला इवल्याशा चुंबकासारखे वागवणारा गुण) नसते, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या स्पिनची दिशा वाटेत सहजासहजी बिघडत नाही.

आता रेणू. बारा मँगनीज अणूंचा एक रेणू अतिथंड अवस्थेत एकट्याच्या बळावर आपली चुंबकीय दिशा टिकवून धरतो, हे १९९३ साली दिसून आले. पुढे २००३ मध्ये टर्बियम या दुर्मिळ-मृदा धातूच्या एका अणूला थॅलोसायनिनच्या दोन सपाट चकत्यांमध्ये धरून ठेवणाऱ्या रेणूतही तोच गुण आढळला. (थॅलोसायनिन हे नाव अवघड वाटले तरी त्याचे तांबेयुक्त भावंड छपाईच्या निळ्या शाईत सर्रास असते.)

हा रेणू नळीवर बसवण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिल्या वाटेत नळीला तीव्र आम्लाने भाजून तिच्यावर कार्बोक्सिल गट (कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे छोटे आकडे) उगवायचे आणि रेणू त्यांना पक्क्या बंधाने जोडायचा. जोड मजबूत होते, पण जिथे बंध पडतो तिथली जाळी मोडते आणि इलेक्ट्रॉन अडखळू लागतात. लेसरचा प्रकाश नळीवरून विखुरून मिळणाऱ्या रामन वर्णपटात १३५० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचे दोषाचे शिखर उंचावले की नुकसान किती झाले ते लगेच समजते. दुसऱ्या वाटेत रेणूला पायरीनची, म्हणजे चार जोडलेल्या षट्कोनांची, शेपटी लावतात. हे षट्कोन नळीच्या षट्कोनांवर सपाट टेकून राहतात आणि जाळीला धक्का लागत नाही. माझे मत विचाराल तर, विजेशीच काम असेल तेव्हा दुसरी वाट बरी, मग पकड थोडी सैल असली तरी चालेल.

प्रत्यक्ष काम मात्र अगदी स्वयंपाकघरी थाटाचे असते. काजळीसारखी भुकटी द्रावकात घालून सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात, ठेवायची, रेणूचा हिरवा द्राव त्यात मिसळायचा, रात्रभर ढवळायचे आणि टेफ्लॉनच्या पडद्यावर निर्वात गाळणीने गाळायचे. खाली उतरणारा द्राव आधी हिरवागार असतो, मग पोपटी होतो. तो पूर्ण रंगहीन होईपर्यंत धूत राहायचे, कारण नुसते सांडलेले रेणू आणि खरोखर टेकलेले रेणू यांत फरक करायचा तर याला पर्याय नाही.

हे कष्ट कशासाठी, ते २०११ मध्ये ग्रेनोबल आणि कार्ल्सरूह येथील संशोधकांच्या प्रयोगात दिसले. त्यांनी असेच टर्बियमचे रेणू एका नळीवर बसवले. दोन रेणूंच्या चुंबकीय दिशा एकसारख्या असताना वीज सहज वाहत होती आणि त्या परस्परविरुद्ध होताच अडत होती. हा फरक ३०० टक्क्यांपर्यंत गेला, आणि तोही विजेच्या टोकांना चुंबकीय धातू न लावता. परंतु तापमान होते एक केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसपेक्षाही थंड. पुढे २०१८ मध्ये डिस्प्रोसियमच्या एका रेणूने ८० केल्विनला चुंबकीय स्मृती दाखवली खरी, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनच्या किंचित वर. तरीही खिशातल्या मोबाइलचा विचार आज करू नये.

आता माझ्या फजितीविषयी, कारण आपण प्रकल्प करणार असाल तर हीच गोष्ट कामाला येईल. पहिल्या यशस्वी वाटलेल्या नमुन्याच्या बाटलीला मी निओडिमियमचा चुंबक लावला आणि काळी भुकटी सरसर काचेकडे ओढली गेली. मी आनंदाने सरांना बोलावले. त्यांनी काही न बोलता कपाटातून कच्च्या नॅनोट्यूबची नवी बाटली काढली आणि तोच चुंबक तिला लावला; तीही तशीच ओढली गेली. नळ्या वाढवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेले लोखंड त्यांच्यात उरते, त्यातले काही कण कार्बनच्या कवचात बंद असल्यामुळे आम्लातही विरघळत नाहीत, आणि आपले रेणू तर खोलीच्या तापमानाला इतक्या वेगाने दिशा बदलतात की साध्या चुंबकाला त्यांचा पत्ताही लागत नाही. तेव्हापासून प्रत्येक वेळी रेणू न घातलेल्या नळ्यांचा एक नमुना त्याच द्रावकातून, तितकाच वेळ ढवळून, तितक्याच वेळा धुऊन शेजारी ठेवायचा आणि दोन्ही नमुने दोन केल्विनला मोजून त्यांच्यातला फरक तेवढाच रेणूच्या नावावर मांडायचा, असा नियम मी पाळला.