सिग्नल फुल, पण नेट चालेना : विद्यापीठाच्या जाळ्याविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत ‘वाय-फाय बदलायचं आहे’ असं लिहिलेलं आहे. उत्तरं मात्र बरीचशी जमिनीखाली, भिंतीत आणि स्विचच्या (जाळ्याच्या तारा एकत्र जोडणाऱ्या यंत्राच्या) कपाटात सापडतात. ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल सोडणारं यंत्र, ही सगळ्यात शेवटी विकत घ्यायची वस्तू आहे.

प्रश्न : आमच्या विद्यापीठात १४ इमारती आहेत. २००६ साली टाकलेली फायबर अजून चालते. देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या नॅशनल नॉलेज नेटवर्कची जोडणी १ जीबीपीएसवरून (सेकंदाला १ अब्ज बिट) १० होण्याची शक्यता आहे. फायबर तीच ठेवून दोन्ही टोकांचे स्विच बदलले तर भागेल का? (संगणक केंद्र, मराठवाडा)

उत्तर : आधी केबलच्या अंगावर काय छापलंय ते वाचा. ‘६२.५/१२५’ दिसलं आणि पॅच कॉर्ड (टोकाच्या छोट्या जोडतारा) नारिंगी असतील, तर ती जुन्या प्रकारची मल्टिमोड, म्हणजे थोड्या अंतरासाठीची फायबर आहे. तिच्यावर १ जीबीपीएस सुमारे पावणेतीनशे मीटरपर्यंत जातं, म्हणून आजवर अडलं नाही. नेहमीच्या १० जीबीपीएस मॉड्यूलला (स्विचमध्ये बसणाऱ्या, विजेचा संकेत प्रकाशात बदलणाऱ्या भागाला) मात्र तिच्यावर ३३ मीटर मिळतात. एवढ्यात शेजारची इमारतसुद्धा येत नाही. त्याच फायबरवर २२० मीटरपर्यंत १० जीबीपीएस नेणारी खास मॉड्यूल मिळतात. पण त्यावर पैसे घालवू नयेत, कारण काही वर्षांनी खोदाई करावीच लागेल.

मुख्य केंद्रापासून प्रत्येक इमारतीपर्यंत स्वतंत्र २४ कोअर (काचेचे धागे) असलेली सिंगल-मोड, म्हणजे लांब पल्ल्याची फायबर टाका. आज त्यातले चारच वापरात येतील. उरलेले सीसीटीव्ही, आगीची सूचना देणारी यंत्रणा, पाण्याच्या पंपांचं नियंत्रण यांच्या कामी येतील. खर्च खोदाईचा असतो; १२ कोअरऐवजी २४ घेतल्याने एकूण बिलात फारसा फरक पडत नाही. ग्रंथालय, परीक्षा विभाग आणि सर्व्हर असलेली इमारत यांना दुसऱ्या रस्त्याने दुसरी केबल द्या. दोन्ही केबल एकाच चरात टाकल्या तर जेसीबीचा एकच फावडा दोन्ही तोडतो.

चर एक मीटर खोल, तळाला वाळू, त्यावर ४० मिलिमीटरचा एचडीपीई डक्ट (प्लॅस्टिकची जाड नळी) आणि शेजारी दोरी ओवलेला दुसरा रिकामा डक्ट. केबलच्या वर साधारण एक फुटावर धोक्याची पट्टी. प्रत्येक वळणावर आणि सरळ रस्त्यावर शंभरेक मीटरला चेंबर, त्यात दहा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली. तुमच्याकडच्या काळ्या जमिनीत हा ढिलेपणा फार महत्त्वाचा आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात माती फुगते, आणि ताणून बसवलेला डक्ट सांध्यात निसटतो. मग तिथून पाणी आणि घुशी दोन्ही शिरतात. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या वीसपट, बसवल्यावर दहापट. काम नोव्हेंबर ते मेमध्ये उरका.

जोडण्या झाल्यावर वाटेत प्रकाश किती घटतो याचा हिशेब मांडता येतो. २ किलोमीटरला ०.८ डेसिबल, चार स्प्लाइसना (फायबरच्या कायमच्या सांध्यांना) ०.४, चार कनेक्टरना साधारण २, एकूण ३.२. १० किलोमीटर पल्ल्याच्या नेहमीच्या मॉड्यूलला साधारण ६ डेसिबलची तूट चालते. मोजणी याहून बरीच जास्त आली, तर बहुधा एखादा कनेक्टर मळलेला असतो. मॉड्यूल बदलण्याआधी तो पुसून, छोट्या सूक्ष्मदर्शकातून पाहून पुन्हा मोजा.

सुरक्षारक्षकाच्या खोलीला किंवा कॅन्टीनला इमारतीबाहेरून तांब्याची लॅन केबल नेलेली असेल, तर ती याच कामात काढून टाका. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि जवळ वीज पडली की त्या तारेतून दोन्हीकडचे स्विच जातात. फायबरला हा धोका नाही. मात्र आर्मर्ड केबल असेल तर तिचं लोखंडी कवच इमारतीत शिरतानाच अर्थिंगला जोडा.

प्रश्न : मुलींच्या वसतिगृहात प्रत्येक मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये चार ॲक्सेस पॉइंट आहेत. मोबाइलवर सिग्नल फुल दिसतो, पण रात्री नऊनंतर काहीच उघडत नाही. आणखी दोन-दोन लावावेत का? (वसतिगृह अधीक्षक, पुणे)

उत्तर : नाही, त्याने त्रास वाढेल. कॉरिडॉर म्हणजे सरळ बोगदा. त्यातल्या चारही ॲक्सेस पॉइंटना एकमेकांचा आवाज लख्ख ऐकू येतो, म्हणून एकाच चॅनेलवर (लहरींच्या एकाच पट्ट्यात) असतील तर ते बोलायला एकमेकांसाठी थांबतात. खोलीतली मुलगी मात्र नऊ इंची विटांची भिंत आणि लोखंडी कपाट यांच्या पलीकडे असते. ‘फुल सिग्नल’ म्हणजे ॲक्सेस पॉइंटचा आवाज फोनपर्यंत पोचतोय एवढंच. फोनची ताकद त्याच्यापेक्षा बरीच कमी, त्याचा आवाज परत पोचत नाही.

आज, एक रुपयाही न खर्चता करण्यासारखी तीन कामं आहेत. पहिलं, वाय-फाय ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर चालतं; त्यातल्या ५ गिगाहर्ट्झवरची ताकद १४-१५ डीबीएमवर (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणा आणि २.४ गिगाहर्ट्झची त्याहून सहाने कमी ठेवा. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. एका मजल्यावर चार यंत्रं असतील तर एकाचं २.४ बंदच करा.

दुसरं काम चॅनेलच्या रुंदीचं. ५ गिगाहर्ट्झमध्ये केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे भरपूर जागा मोकळी झाली आहे. २० मेगाहर्ट्झ रुंदीचे निदान २४ चॅनेल मिळतात, ४० चे ११ आणि ८० चे फक्त ५. बरीच यंत्रं कारखान्यातून ८० वर लावून येतात. घरात ते ठीक, वसतिगृहात २० ठेवा. मधले काही चॅनेल रडारशी वाटून घ्यायचे असतात. रडारचा सुगावा लागला की ॲक्सेस पॉइंट चॅनेल सोडून पळतो. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड (याच लहरींच्या आसपास चालणारं) रडार आहे. तिथल्या आसपासच्या वाचकांनी १२० ते १२८ हे चॅनेल वगळावेत.

तिसरं काम सगळ्यात दुर्लक्षित आहे. वाय-फायचं प्रत्येक नाव सेकंदाला दहा वेळा स्वतःची घोषणा करतं, आणि तीही सर्वांत कमी वेगाने. ‘विद्यार्थी’, ‘कर्मचारी’, ‘पाहुणे’, ‘परीक्षा’, ‘वसतिगृह’ अशी पाच नावं आणि एकाच चॅनेलवर ऐकू येणारे चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे सेकंदाला २०० घोषणा. १ एमबीपीएसने ३०० बाइटच्या एका घोषणेला अडीच मिलिसेकंद लागतात. कुणी काही न उघडताच अर्धा सेकंद संपला! नावं दोन किंवा तीनच ठेवा, आणि १, २, ५.५, ११ हे जुने वेग बंद करून किमान वेग १२ एमबीपीएस करा. फार जुने प्रिंटर तुटतील. त्यांना तार द्या.

पुढच्या अर्थसंकल्पात मात्र ॲक्सेस पॉइंट खोल्यांच्या आत न्या : दोन-तीन खोल्यांमागे एक, स्विचबोर्डाएवढा, भिंतीवर बसणारा. तारा जास्त लागतील, पण भिंतीच तुमचं काम करतील. त्या शेजारच्या यंत्राचा गोंगाट अडवतात.

प्रश्न : ग्रंथालयात रोज साडेअकरा-बाराच्या सुमारास ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसू लागतं. सकाळी आलेल्यांचं चालतं, नंतर येणाऱ्यांचं नाही. (ग्रंथपाल, नागपूर)

उत्तर : वेळेवरूनच निदान होतं : जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला द्यायचे आयपी पत्ते संपले. अडलेल्या लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की खात्री समजा. नेहमीच्या मांडणीत एका जाळ्यात २५३-२५४ पत्ते मिळतात आणि प्रत्येक पत्ता २४ तास एकाच यंत्राच्या नावावर राहतो. मग दहा मिनिटं डोकावून गेलेल्या फोनचा पत्तासुद्धा दुसऱ्या दिवसापर्यंत अडकतो. मुदत एक-दोन तासांवर आणा आणि जाळं १,०२२ पत्त्यांचं करा. संपूर्ण आवाराचं मिळून एकच मोठं जाळं मात्र करू नका. इमारतीगणिक व्हीलॅन (स्विचवर आखलेलं स्वतंत्र जाळं) वेगळा हवा.

पत्ता १६९ ऐवजी १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि तुमचं जाळं तसं नसेल, तर कुणीतरी घरचा राउटर भिंतीतल्या सॉकेटला लावला आहे आणि तो पत्ते वाटतो आहे. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या यंत्राला पत्ते वाटू न देणारी सोय) चालू केलं की तो गप्प बसतो. त्याच बैठकीत बीपीडीयू गार्डही (तारांचा फेरा झाला की ते पोर्ट बंद करणारी सोय) चालू करा. एकाच तारेची दोन्ही टोकं एकाच खोलीतल्या दोन सॉकेटना लागली की अख्खी इमारत बंद पडू शकते.

यंत्राच्या मॅक पत्त्यावर (कारखान्यातून मिळालेल्या ओळख-क्रमांकावर) नोंदणी ठेवली असेल तर ती पद्धत सोडा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा, बनावट मॅक पत्ता देतात. एकच विद्यार्थी तीन ‘यंत्रं’ होऊन बसतो.

प्रश्न : वीज जाऊन आली की काही ॲक्सेस पॉइंट सुरू होत नाहीत, आणि दर वेळी वेगवेगळे! पुरवठादार म्हणतो यंत्रं सदोष आहेत. (तंत्रज्ञ, अभियांत्रिकी महाविद्यालय, नाशिक)

उत्तर : ॲक्सेस पॉइंट ठीक आहेत, त्यांना लॅनच्या तारेतूनच वीज पुरवणाऱ्या (याला पीओई म्हणतात) स्विचची ताकद अपुरी आहे. २४ पोर्ट आणि प्रत्येकी ३० वॉट असं वाचून ७२० वॉट मिळतील असं वाटतं. पण या वर्गातल्या बऱ्याच स्विचचा पीओईचा एकूण साठा ३७० वॉट असतो. स्विचने प्रत्येकासाठी पूर्ण ३० वॉट राखून ठेवले तर बारा यंत्रांनंतर साठा संपतो. वीज आल्यावर जे आधी जागे होतात त्यांना मिळतं, बाकीचे उपाशी राहतात. स्विचवर एलएलडीपी चालू करा म्हणजे यंत्र खरी गरज सांगेल. तरीही २५ वॉटच्या हिशेबाने चौदाच बसतात. त्यापुढे दुसरा स्विच किंवा मोठा पॉवर सप्लाय लागेल. यूपीएसही पीओईचा भार धरून निवडा.

तरीही एखाद-दुसरं यंत्र अडत असेल तर केबल तपासा. तार ब्लेडने खरवडा; आत पांढरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. लांब अंतरावर त्यात विजेचा दाब पडतो आणि जुडग्यात ती तापते. असली केबल बदलावीच लागते.

प्रश्न : नव्या फोनवर एज्युरोम (विद्यापीठांमधलं सामाईक वाय-फाय) जोडताना प्रमाणपत्र आणि डोमेन विचारतो. पूर्वी ‘तपासू नका’ असा पर्याय होता. तो कुठे गेला? (संशोधक विद्यार्थिनी, मुंबई)

उत्तर : अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या सुधारणेपासून तो काढायला सुरुवात झाली, आणि ते योग्यच झालं. प्रमाणपत्र न तपासता जोडलं तर त्याच नावाचं बनावट वाय-फाय लावून तुमचा पासवर्ड पळवता येतो. डोमेनच्या रकान्यात तुमच्या विद्यापीठाच्या रेडियस सर्व्हरचं (पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरचं) नाव लागतं. ते संगणक केंद्राने सूचनाफलकावर द्यायला हवं. गेट-एज्युरोम हे ॲप ही मांडणी स्वतः करून देतं, पण विद्यापीठाने तिथे माहिती भरलेली असायला हवी. भारतात एज्युरोमची जबाबदारी अर्नेट इंडिया या शैक्षणिक जाळ्याच्या सरकारी संस्थेकडे आहे, आणि सदस्य होण्यासाठीचा अर्ज संस्थेने करायचा असतो.

प्रश्न : आमची इमारत दगडी आणि वारसा यादीतली आहे. भोकं पाडता येत नाहीत. (प्राध्यापक, मुंबई)

उत्तर : दोन फुटी दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ जात नाही. खोलीगणिक एक यंत्र हाच मार्ग. केबल खिडकीच्या चौकटीलगत केसिंग-कॅपिंगमधून न्या. भोक टाळता आलंच नाही तर परवानगी घेऊन दगडात नव्हे, सांध्यातल्या चुन्यात पाडा; तो पुन्हा भरता येतो. जुन्या टेलिफोनच्या तारा शाबूत असतील तर त्यांवरूनही कामचलाऊ वेग मिळवून देणारी यंत्रं येतात.

प्रश्न : जीईएमवर (सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर) निविदा काढायची आहे. नेमकं काय लिहावं? (उपकुलसचिव, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : ‘३०० ॲक्सेस पॉइंट’ असं लिहिलं की ३०० ॲक्सेस पॉइंट मिळतात, चालणारं वाय-फाय मिळेलच असं नाही. परिणाम लिहा : ठरलेल्या प्रत्येक खोलीत, बाकाच्या उंचीवर, दार बंद असताना, ५ गिगाहर्ट्झवर उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल. १२० विद्यार्थ्यांच्या वर्गात माणशी दीड-दोन यंत्रं धरा. त्यातली निम्मी एका वेळी चालू असली तरी शंभराच्या घरात जातात. तिथे दोन ॲक्सेस पॉइंट हवेत.

नव्या केबलिंगसाठी कॅट ६ए दर्जाची तांब्याची लॅन केबल मागा; ती १० जीबीपीएस शंभर मीटर नेते, साधी कॅट ६ पंचावन्न. शंभर मीटरमध्ये दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डही धरायच्या, म्हणून भिंतीतली लांबी ९० च्या पुढे नको. प्रत्येक तारेचा टेस्टरवरचा अहवाल फाइलरूपात घ्या, नुसता ‘पास’ शेरा नको. ॲक्सेस पॉइंटच्या सॉफ्टवेअरचा परवाना किती वर्षांचा, आणि तो संपल्यावर ॲक्सेस पॉइंट चालू राहतो की बंद पडतो, हे उत्पादकाकडून लेखी घ्या. निविदेतली सर्वांत महाग ओळ पुष्कळदा हीच ठरते. सर्व पासवर्ड, मांडणीच्या फाइली आणि चेंबरसह नकाशा विद्यापीठाच्या ताब्यात आल्याशिवाय काम पूर्ण समजू नका. सीईआरटी-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रांच्या नोंदी (लॉग) १८० दिवस जपायच्या आहेत. तेवढी साठवण यादीत हवी, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एकाच स्रोताशी जुळलेली हवीत.

स्वीकृतीची चाचणी मे महिन्याच्या सुटीत होऊ देऊ नका. रिकाम्या इमारतीत कुठलंही जाळं पास होतं. देयकाचा शेवटचा हप्ता जुलै-ऑगस्टमधल्या भरलेल्या वर्गात सकाळी अकरा वाजता आणि वसतिगृहात रात्री दहा वाजता घेतलेल्या मोजणीशी बांधा, आणि ही अट निविदेतच छापा.