पांढऱ्या खांद्याचे सिलिंडर

प्रश्न : मी एका रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून तीस वर्षे काम करून निवृत्त झाले आहे. परवा नातवाने ‘ग्रीन फॉर डेंजर’ हा जुना ब्रिटिश चित्रपट दाखवला. त्यात बॉम्बमुळे जखमी झालेला पोस्टमन शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावतो आणि तो खून असल्याचे पुढे निघते. केवळ सिलिंडरचा रंग बदलून असा खून खरोखर करता आला असता का? आणि खुनी रुग्णालयाच्या आतच असताना या कथेला डोक्यावरून जाणारे बॉम्ब कशासाठी हवेत?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : त्या काळी करता आला असता. सिडनी गिलियट यांनी ख्रिस्तियाना ब्रँड यांच्या कादंबरीवरून १९४६ साली काढलेल्या या चित्रपटात ऑक्सिजनचे सिलिंडर काळे आणि खांद्याशी पांढरे, तर कार्बन डायऑक्साइडचे हिरवे आहे. भुलेत असलेल्या रुग्णाच्या श्वसनाला चालना मिळावी म्हणून थोडा कार्बन डायऑक्साइड देण्याची पद्धत तेव्हा रूढ होती, त्यामुळे तो वायू थिएटरमध्ये असणे कोणालाच खटकण्यासारखे नव्हते. खुनी व्यक्ती हिरव्या सिलिंडरला काळा-पांढरा रंग देते आणि बाजूला होते. पुढचे काम रुग्णाला वाचवू पाहणाऱ्या भूलतज्ज्ञाच्याच हातून होते, कारण प्रकृती ढासळताना पाहून तो ज्याला ऑक्सिजन समजून वाढवत जातो, तोच वायू रुग्णाचा जीव घेत असतो. आपल्याला हा प्रसंग इतर प्रेक्षकांपेक्षा अधिक झोंबला असणार.

काळ्या सिलिंडरचा पांढरा खांदा आपल्याकडेही ऑक्सिजनचीच खूण आहे, हे आपल्याला सांगायला नको. मात्र १९५० च्या दशकात पिन इंडेक्स पद्धत आली आणि ही युक्ती निकालात निघाली. भुलीच्या यंत्राच्या योकवरील, म्हणजे सिलिंडर अडकवण्याच्या चौकटीवरील, पिना आणि सिलिंडरच्या तोंडाजवळची छिद्रे जुळल्याखेरीज सिलिंडर बसतच नाही : ऑक्सिजनसाठी २ व ५, नायट्रस ऑक्साइडसाठी ३ व ५, तर कार्बन डायऑक्साइडसाठी १ व ६ ही स्थाने ठरलेली आहेत. केवळ रंगावर भिस्त ठेवणे किती धोक्याचे, हे एवढ्यावरून कळेल की अमेरिकेत हिरवा रंग ऑक्सिजनचा आहे. गंमत अशी, की ज्या चित्रपटाचे नावच हिरव्या रंगावर आहे तो कृष्णधवल असल्याने प्रेक्षकाला हिरवा रंग कधी दिसतच नाही.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. चित्रपटाचा काळ १९४४ च्या ऑगस्टमधला आहे. त्या वर्षी १३ जूनपासून जर्मनीचे व्ही-१ हे वैमानिकाविना उडणारे बॉम्ब इंग्लंडच्या आग्नेय भागावर पडू लागले होते. त्यांची घरघर ऐकू येत असेपर्यंत खालची माणसे निर्धास्त असत. इंजिन बंद पडून शांतता झाली, की काही सेकंदांतच सुमारे ८५० किलो स्फोटके कोठेतरी कोसळणार, हे सर्वांना ठाऊक असे. जिथे आवाजापेक्षा शांततेचीच धास्ती आहे, तिथे मुखवट्याआडून एकमेकांकडे पाहणारे डॉक्टर आणि परिचारिका आधीच अर्धमेले झालेले असतात. ॲलिस्टर सिम यांनी रंगवलेला इन्स्पेक्टर कॉक्रिल ही धास्ती थट्टेवारी नेतो खरा, पण रस्त्यावरच्या वाहनाच्या आवाजाने तोही दचकून आडोसा शोधतो.

सोलापूरकर म्हणून आपल्याला आणखी एक योगायोग आवडेल. याच १९४६ साली व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट आला. आपल्या सोलापुरात जन्मलेले द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि रुग्णसेवा करतानाच १९४२ मध्ये तिथे निवर्तले. दोन्ही चित्रपटांत युद्ध आहे, जखमींवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहेत. मात्र एकाला त्यांच्या त्यागाची कथा सांगायची आहे आणि दुसऱ्याला त्यांच्यातलाच खुनी शोधायचा आहे.

खुनी कोण, हे ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी येथे लिहीत नाही. आपण पुन्हा पाहाल तेव्हा मात्र एवढे ध्यानात घ्यावे, की या सूडाचे मूळ बॉम्बने पडलेल्या एका घराच्या ढिगाऱ्यात आहे. बॉम्ब वगळले असते, तर खुन्याला त्या पोस्टमनला मारण्याचे कारणच उरले नसते.