पाव वेगाचा मोह

प्रश्न : मी व्हिडिओ पाहून गिटार शिकतो. लीडचा एक छोटा तुकडा शिक्षक फार जलद वाजवतात. यूट्यूबवर वेग ०.२५ केला, तर आवाज फाटल्यासारखा येतो आणि बोटंही धूसरच दिसतात. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का? आणि सतत हळू वाजवून हाताला तीच सवय लागेल का?

उत्तर : खरेदी तूर्त राहू द्या. तुमची एक तक्रार कानाची आहे आणि दुसरी डोळ्यांची. डोळ्यांच्या तक्रारीवर कुठल्याही प्लेअरकडे इलाज नाही. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असेल, तर पाव वेगात तुमच्यासमोर सेकंदाला साडेसातच चित्रं येतात. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत, एका ठोक्यात चार स्वर वाजत असतील, तर सेकंदाला आठ स्वर झाले. म्हणजे एका स्वराच्या वाट्याला चार फ्रेमसुद्धा नाहीत. चित्रणातच बोट धूसर आलं असेल, तर वेग कमी करून ते स्पष्ट होणार नाही. त्यापेक्षा तोच धडा ६० फ्रेममध्ये मिळतो का पाहा. कॉम्प्युटरवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची की दाबली की एक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाने एक मागे. बोट कोणत्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या कोणत्या पट्टीवर आहे, एवढंच बघायचं असेल तर हा उपाय पाव वेगापेक्षा कितीतरी बरा.

आता आवाज. टेप निम्म्या वेगाने चालवली की सूर बरोबर एक सप्तक, म्हणजे बारा फ्रेट, खाली जायचा. आताचे प्लेअर सूर जागेवर ठेवून वेग कमी करतात. त्यासाठी आवाजाचे अगदी बारीक तुकडे करून ते एकमेकांवर थोडे चढवत लांबवर पसरले जातात. लांब धरलेला स्वर हे सहन करतो. पिक (तार छेडायची छोटी चकती) तारेवर आपटतानाचा ‘टक्’ मात्र क्षणभराचा असतो. तो चौपट ताणला की फिसकटतो, कधी दोनदा ऐकू येतो. तुम्हाला ऐकू येतं ते हेच. पैसे मोजून घेतलेल्या प्रोग्रॅममध्ये ते थोडं सुधारतं, पण पाव वेगात गिटारसारखी गिटार कुठेच ऐकू येत नाही. ऐकायला ०.५ च्या खाली जाऊ नका.

सवयीची तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ती पडते. हळू वाजवताना वेळ भरपूर असतो, म्हणून पिक तारेपासून लांब फिरून येतं, बोटं फ्रेटबोर्डवरून उंच उचलली जातात. पूर्ण वेगात त्या फेरफटक्याला वेळच उरत नाही, आणि मग ‘७० पर्यंत छान येतं, ९० ला सगळं विस्कटतं’ हे रडगाणं सुरू होतं. हळू वाजवा, पण हालचाल लहान ठेवा, जलद वाजवताना असते तेवढीच. स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवत वाजवणं, तर मी पाव वेगात करूच देत नाही. तिथे हात न थांबता खाली-वर फिरत राहायला हवा. इतक्या संथ लयीत तो मध्येच थबकतो आणि ताल मोडतो. स्ट्रमिंगला ०.७५, फार तर ०.५.

तुम्हाला खरी गरज आहे ती लूपची, म्हणजे तोच तुकडा आपोआप पुन्हा पुन्हा वाजण्याची. यूट्यूबचा लूप पूर्ण व्हिडिओ फिरवतो, हवा तेवढा तुकडा नाही. व्हिडिओची फाइल तुमच्याकडे रीतसर असेल, तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा. तो फुकट आहे. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स’ चालू करा. तिथल्या ए-बी बटणावर तुकड्याच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा क्लिक केलं की तेवढाच भाग फिरत राहतो. चौकोनी कंसांच्या कीजनी वेग कमी-जास्त होतो. तुकडा दोन मात्रांचाच घ्या, आणि पुढच्या मात्रेचा पहिला स्वर त्यात धरा. नाहीतर दोन तुकडे जोडताना तिथेच अडखळाल.

ट्रान्सक्राइबसारखा प्रोग्रॅम मी घ्यायला सांगेन तो शिकवणाऱ्याशिवाय, नुसतं रेकॉर्डिंग ऐकून स्वर उतरवायला लागाल तेव्हा. त्यात त्या क्षणी कोणते स्वर वाजताहेत याचा आलेख दिसतो, आणि रेकॉर्डिंगमधली गिटार अर्धा सूर खाली लावलेली असेल तर तुमच्या तारा पुन्हा न जुळवता रेकॉर्डिंगच वर चढवता येतं. हे चढवण्याचं काम तेवढं ऑडॅसिटी हा ऑडिओ प्रोग्रॅमही फुकटात करतो.