ऑगस्टमध्ये आठ दिवस समुद्रकिनारी निवांत राहायचे आहे. थायलंडमधील फुकेत निवडावे की को सामुई?

ऑगस्टमध्येच जाणार असाल, तर को सामुई निवडावे. फुकेत अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि आपल्या कोकणात पाऊस आणणारे नैऋत्य मोसमी वारे साधारण मे ते ऑक्टोबर या काळात तिथेही थेट येऊन धडकतात. त्यामुळे पाऊस तर असतोच, शिवाय समुद्र खवळलेला राहतो, पोहणाऱ्याला आत ओढून नेणारे प्रवाह तयार होतात आणि किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला असेल, तर पाण्यात मुळीच उतरू नये. सामुई हे बेट थायलंडच्या द्वीपकल्पाच्या पूर्वेला, थायलंडच्या आखातात असल्याने मधल्या डोंगरांचा त्याला आडोसा मिळतो. ऑगस्टमध्ये तिथे सरी येतात, पण बहुधा लवकर ओसरतात. मुक्काम सामुईच्या चवेंग या किनाऱ्याऐवजी उत्तरेकडील मेनाम किंवा बोपुत येथे करावा, कारण चवेंगची वाळू सुंदर असली तरी तिथे रात्री उशिरापर्यंत गजबज असते. सामुईच्या विमानाचे तिकीट महाग पडते. मुख्य भूमीवरील सुरत थानीपर्यंत विमानाने जाऊन पुढे डोनसकच्या धक्क्यावरून फेरीबोट घेतल्यास खर्च कमी होतो, मात्र त्यात जवळपास अर्धा दिवस जातो. हाच बेत दिवाळीच्या सुट्टीवर ढकललात, तर हे उत्तर लागू होणार नाही: ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, विशेषतः नोव्हेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे सामुईलाच मुसळधार पाऊस पडतो.